मोठी गोळी आणि दया

अमेरिकेत रिव्हॉल्वरने हरणाची शिकार करणारे मोठ्या कॅलिबरची बाजू घेताना दयेचा दाखला देतात: जड गोळीने जनावर तडफडत नाही. १९५५ची पॉइंट ४४ मॅग्नम आणि २००३ची पॉइंट ५०० मॅग्नम अशाच शिकाऱ्यांत गाजल्या. हा दावा अर्धाच खरा आहे. मोठ्या गोळीचा धक्का हाताला बसतो. त्या भीतीने चाप ओढतानाच हात हलतो आणि गोळी काळजाऐवजी पोटात जाते. निशाणीच्या कागदावर ही चूक हसण्यावारी नेता येते. जखमी हरीण मात्र रानात तासन्‌तास तळमळते. म्हणून आम्हाला वाटते, दयेची हमी काडतूस देत नाही, सरावलेला हात देतो. जे शस्त्र आपल्याला पेलत नाही, ते मुक्या जिवावर रोखण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?