पडद्यावरची मिस्सा, घरातली उपासना

२५ मार्च २०२० रोजी कोविडमुळे देश बंद झाला. कॅथोलिक उपासनेच्या वर्षात ही तारीख गाब्रिएल दूताने मरियेला दिलेल्या निरोपाच्या सणाची असते. लूकच्या शुभवर्तमानात या प्रसंगाच्या अगोदर आणखी एक प्रसंग येतो. जखऱ्या नावाचा याजक यरुशलेमच्या मंदिरात धूप जाळायला आत गेला आहे, बाहेर लोक प्रार्थना करत थांबले आहेत आणि दूत भेटल्यावर त्या याजकाची वाचाच जाते. मग तोच दूत गालिलातल्या एका आडगावी, एका मुलीकडे जातो. तिथे मंदिर नाही, याजक नाही, समुदाय नाही. ख्रिस्ती श्रद्धेची सुरुवात अशी एका घरात झाली. देवळं, मशिदी, चर्च यांची दारं बंद झाली त्याच दिवशी हा सण यावा हा योगायोग खरा, पण त्यातून धीर घेण्यासारखं पुष्कळ होतं. आमच्या डोक्यात मात्र त्या आठवड्यात एकच प्रश्न घोळत होता : मिस्सा कुठल्या चॅनेलवर दिसेल?

तो प्रश्न चुकीचा नव्हता. १२ एप्रिलला ईस्टर होता. त्याच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, आज्ञा गुरुवार, उत्तम शुक्रवार हा सगळा आठवडा आमच्या वसईतल्या माणसाने कधीच घरात काढला नव्हता. गावोगावच्या फादरांनी मोबाइल तिकाटण्यावर लावून रिकाम्या बाकांसमोर मिस्सा केली आणि ती घराघरात पोचली. आखातात अडकलेल्या मुलांनी, जहाजावर असलेल्या खलाशांनी आपल्या गावच्या वेदीसमोरची मराठी गीतं ऐकली. जी म्हातारी माणसं पायांनी अधू होऊन घरात बसली होती, त्यांना कित्येक वर्षांनी गावचं चर्च आतून दिसलं. २७ मार्चच्या संध्याकाळी पावसात भिजलेल्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिस एकटे उभे राहिले. १५२२च्या प्लेगमध्ये रोमच्या रस्त्यांतून मिरवला गेलेला सान मार्चेल्लो चर्चमधला क्रूस त्यांच्यामागे होता. ते दृश्य पाहून ज्याचं काळीज हललं नाही असा ख्रिस्ती माणूस मला भेटलेला नाही. पडद्याने हे दिलं. त्याबद्दल कृतज्ञता आहेच.

तरीही हा लेख त्या पडद्याच्या विरोधात आहे. महामारीने आम्हाला जे शिकवायला हवं होतं, ते त्या पडद्यामागे झाकलं गेलं, असं माझं ठाम मत झालं आहे.

मिस्सा ही करायची गोष्ट आहे. बघायची नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा आपला दस्तऐवज मंजूर केला, त्याचा गाभा हाच होता. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये चाले, फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करीत आणि मागे बसलेली बायामाणसं आपापली रोझरी ओढत. वेदीवरचं त्यांना दिसे, पण त्यात त्यांचा वाटा फार थोडा असे. परिषदेने सांगितलं की लोकांनी समजून-उमजून, पूर्णपणे सहभागी व्हायचं. म्हणून वेदी लोकांकडे वळली, म्हणून आमच्याकडे मिस्सा मराठीत आली, म्हणून गावातली शिक्षिका वाचन करायला पुढे गेली. या बदलासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्या पिढीतले बरेच जण आज नाहीत. आणि २०२०मध्ये एका आठवड्यात आपण पुन्हा १९६३च्या मागे गेलो. सोफ्यावर बसून, कधी चहाचा कप हातात घेऊन, दूरवर कुणीतरी करीत असलेली उपासना पाहू लागलो. प्रतिसाद द्यायची वेळ आली तर ओठ हलत, कधी तेही नाही.

त्यात आणखी एक गोष्ट घडली, तिचं मला जास्त वाईट वाटतं. पडद्यावर निवड करता येते. आपल्या फादरांचं प्रवचन लांबतं, मग दुसऱ्या गावची मिस्सा लावू. तीही नको, मुंबईची इंग्रजी लावू. धर्मग्राम म्हणजे तर आपण न निवडलेली माणसं. ज्याच्याशी बांधाचा वाद चालू आहे तो शेजारी, बेसूर गाणारी मावशी, रडणारं पोर, आपल्याला न आवडणारे फादर, या सगळ्यांसोबत एका छताखाली गुडघे टेकायचे आणि शांतीचं चिन्ह म्हणून त्यांच्यासमोर हात जोडायचे, यात ख्रिस्ती जगण्याचा निम्मा अभ्यास आहे. पडद्यावर तो अभ्यास होत नाही. पोप फ्रान्सिस यांनाही हे जाणवलं होतं. ९ मार्चपासून व्हॅटिकनमधल्या त्यांच्या सांता मार्ता निवासातली रोजची सकाळची मिस्सा जगभर दाखवली जात होती. तरी १७ एप्रिलच्या प्रवचनात त्यांनीच बजावलं की संस्कारांशिवाय आणि लोकांशिवाय असलेली जवळीक ही ख्रिस्तसभा नव्हे, ही केवळ एका अवघड वेळेची वाट आहे. १८ मेनंतर त्यांनी ते थेट प्रक्षेपण थांबवलं. एवढा मोठा श्रोतृवर्ग हाताशी असताना थांबवलं, हे लक्षात घ्यावं.

मग त्या काळात काय करायला हवं होतं? उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. १९८३च्या कॅनन कायद्याचं १२४८वं कलम सांगतं की धर्मगुरू नसल्यामुळे किंवा दुसऱ्या गंभीर कारणामुळे मिस्सेत भाग घेणं अशक्य असेल, तर लोकांनी शब्दविधीत भाग घ्यावा, किंवा एकेकट्याने, कुटुंबाने, अथवा काही कुटुंबांनी मिळून यथोचित वेळ प्रार्थना करावी. या कलमात टीव्हीचा उल्लेख नाही, कुटुंबाचा आहे. बायबल उघडून त्या रविवारचं वाचन मोठ्याने वाचायचं, त्यावर दोन शब्द बोलायचे, आजाऱ्यांची नावं घेऊन मागणं मागायचं, प्रभूची प्रार्थना म्हणायची. यासाठी परवानगी लागत नव्हती, वायफाय लागत नव्हतं. परिषदेने १९६४मध्येच कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभा म्हटलं होतं. आम्ही ते लग्नाच्या प्रवचनात ऐकत आलो. वापरायची वेळ आली तेव्हा आठवलं नाही.

निर्गमच्या पुस्तकातलं पहिलं वल्हांडण आठवून पाहा. बाहेर रात्रभर मृत्यू फिरतो आहे, कुणी उंबरठा ओलांडायचा नाही अशी आज्ञा आहे आणि आत प्रत्येक कुटुंब घाईघाईने भोजन करतं आहे. तिथे मंदिर नव्हतं आणि याजकवर्गही अजून नेमला गेला नव्हता. त्याच वल्हांडणाच्या काळात एका घराच्या माडीवर येशूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं. आज्ञा गुरुवारी आपण स्मरण करतो ते याच भोजनाचं. पहिली कित्येक वर्षं ख्रिस्ती लोक घरांतच भाकर मोडत होते. पौल आपल्या पत्रात प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. म्हणून २०२०च्या आज्ञा गुरुवारी घरात बसावं लागलं, तेव्हा आपण उपासनेपासून तुटलो नव्हतो, तिच्या उगमाजवळ आलो होतो.

इतिहासातही दाखले आहेत. १५७६च्या प्लेगमध्ये मिलान शहर घरांत कोंडलं गेलं, तेव्हा आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या आणि लोकांनी खिडक्यांतून मिस्सेत भाग घेतला. तेही दुरूनच होतं, पण फादर त्याच रस्त्यावर, त्याच हवेत उभा होता. त्याहून मोठा दाखला जपानचा. १६१४मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली, १६४४मध्ये उरलेला शेवटचा धर्मगुरू मारला गेला. पुढे दोन शतकांहून अधिक काळ त्या देशात मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, बिशप नाही. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा इथे नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावचे काही शेतकरी आले आणि त्यांनी फ्रेंच फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितलं की तुमच्या मनात आहे तेच आमच्याही मनात आहे. मग त्यांनी मरियेची मूर्ती कुठे आहे ते विचारलं. सात पिढ्या या लोकांनी घरातच बाळांना बाप्तिस्मा दिला, सणांच्या तारखा लक्षात ठेवल्या, प्रार्थना तोंडी पुढच्या पिढीला दिल्या. हे काम बापांनी, आयांनी, गावातल्या जाणत्यांनी केलं. आपल्याला जे काही महिने कठीण गेले, त्यांच्या शेजारी हे ठेवून पाहावं.

आणि वसईच्या माणसाने तर जपानलाही जायची गरज नाही. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला, परदेशी धर्मगुरू निघून गेले, चर्चच्या घंटा भीमाशंकर, मेणवली इथल्या देवळांत गेल्या. त्या तिथे आजही आहेत. मागे राहिलेल्या थोड्या देशी फादरांना सगळीकडे पोचणं शक्य नव्हतं. तरीही कुपारी आणि वाडवळ घरांतली श्रद्धा टिकली. संध्याकाळी दिवा लागल्यावर घरातल्या वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या बायकांमुळे ती टिकली, असं मी मानतो. १८९६च्या प्लेगनंतर वांद्र्याच्या गावठाणांत जे क्रूस उभे राहिले, त्यांच्यापुढे शेजारीपाजारी जमून रोझरी आणि लितानी म्हणत. गोव्यात लादाईन, म्हणजे लितानीची प्रार्थना, घराच्या अंगणात होते. तिला फादर लागत नाही, गावातलाच कुणी पुढाकार घेतो, शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. सायबिणीची, म्हणजे मरियेची, मूर्ती घरोघर मुक्कामाला जाते. हे सगळं लोकांचं स्वतःचं होतं, घरातलं होतं, साथीच्या दिवसांतून तावूनसुलाखून निघालेलं होतं. मुंबईतल्या किती फ्लॅटमध्ये आणि वसईतल्या किती नव्या बंगल्यांत ते शिल्लक होतं?

जिथे शिल्लक होतं, तिथे टाळेबंदीत काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. आजीने प्रार्थनेची सूत्रं हातात घेतली. आयुष्यभर जी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली, ती घरात नातवंडांना वाचन वाटून देऊ लागली, चुकलं तर थांबवू लागली, मागणी कुणासाठी मागायची ते ठरवू लागली. बाप, जो रविवारी दारात उभं राहून मिस्सा ‘ऐकायचा’, त्याला प्रथमच मुलांसमोर शुभवर्तमान वाचावं लागलं आणि त्याचा आवाज कापला. मुलांनी ते पाहिलं. धर्मशिक्षणाच्या कितीही वर्गांनी जे झालं नसतं ते त्या कापऱ्या आवाजाने झालं. नेमकं त्याच काळात, जानेवारी २०२१मध्ये, पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत पदं स्त्रियांना खुली केली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात धर्मशिक्षकाची सेवा ही नेमून दिलेली सेवा म्हणून स्थापन केली. रोमने कागदावर लिहिलेलं आमच्या स्वयंपाकघरांत आधीच सुरू झालेलं होतं.

घरातली उपासना मिस्सेची जागा घेते, असं मला म्हणायचं नाही. ख्रिस्तशरीर घरात मिळत नव्हतं आणि ती उणीव दुखावणारी होती, दुखावायलाच हवी होती. आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना आपण म्हणत होतो. ती भूक जागी ठेवते, भूक भागल्याचं सोंग करत नाही. सर्वांत जास्त दुखलं ते मरणाच्या वेळी. तैलाभ्यंग न होता, कुणी हात न धरता माणसं गेली. रोमने २० मार्च २०२० रोजी जाहीर केलेल्या आदेशाने त्यांच्यासाठी क्षमेचं दार विशेष उघडलं, मरणाऱ्याच्या मनाची तशी तयारी असेल तर संस्कारांशिवायही ती क्षमा मिळेल असं सांगितलं. केरळात आलप्पुळा धर्मप्रांताने जुलै २०२०मध्ये कोविडने गेलेल्यांचं दहन करून अस्थी चर्चच्या दफनभूमीत पुरायचा निर्णय घेतला, कारण तिथे खड्ड्याला लगेच पाणी लागतं. दहनाची मुभा १९६३पासून होती. तरी शेकडो वर्षांची सवय मोडणं त्या घरांना किती जड गेलं असेल, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. फादर आणि सिस्टरही शेकडोंनी गेले, त्यातले काही आजाऱ्यांपाशी जाऊन गेले. संस्कार हे शरीराने द्यायचे आणि शरीराने घ्यायचे असतात, हे त्यांनी मरणाने सिद्ध केलं. मी पडद्याला विरोध करतो तो याच कारणाने.

घर सर्वांना सारखं नसतं, हेही खरं. एका खोलीत आठ जण, दारुडा नवरा, एकटी विधवा, वसतिगृहात अडकलेली नर्स, यांना ‘घरात प्रार्थना करा’ म्हणणं पुरेसं नव्हतं. तिथे धर्मग्रामच पुढे यायला हवं होतं, आणि अनेक ठिकाणी आलंही : शिधा पोचवला, औषधं आणून दिली, फोन केले. पालघर जिल्ह्यातल्या दूरच्या पाड्यांवर जिथे नेटवर्कच नव्हतं, तिथे वारली कुटुंबं एकत्र बसून प्रार्थना करायला आधीपासूनच सरावलेली होती, कारण फादर रोज येणार नाहीत हे त्यांना ठाऊकच होतं. त्या पाड्यांकडून आम्ही किनाऱ्यावरच्यांनी शिकायला हवं होतं.

१६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ७ ऑक्टोबर २०२१ला, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. चर्च भरली, गीतं वाजली, माझ्यासकट अनेकांचे डोळे पाणावले. पुढे जे झालं त्याने मात्र मी अस्वस्थ आहे. आपण कॅमेरा ठेवला आणि घरातली प्रार्थना सोडली. निदान उलटं तरी करायचं होतं. आजारी आणि अधू माणसांसाठी प्रक्षेपण चालू राहावं, त्यांच्याकडे ख्रिस्तशरीर घेऊन कुणीतरी जात असेल तर जरूर राहावं. धडधाकट माणसाने मात्र रविवारी बाकावर असावं आणि संध्याकाळी आपल्या घरच्या वेदीसमोर.

धर्मग्राम परिषदांना माझं सांगणं आहे : येत्या आगमनकाळापासून आठवड्यातली एक संध्याकाळ चर्चमध्ये कुठलाही कार्यक्रम ठेवू नका. सभा नाही, सराव नाही, बैठक नाही. त्या दिवसाची वाचनं आणि मागण्यांचा एक साधा कागद घरोघर द्या, ज्या घरात एकटं माणूस आहे त्याला शेजारच्या घराशी जोडून द्या आणि पुढे कोण उभं राहणार हे घरच्यांना ठरवू द्या. पुढची साथ कधी येईल ते आपल्या हातात नाही. ती येईल तेव्हा वसईच्या प्रत्येक घरात शुभवर्तमान मोठ्याने वाचता येणारं एक तरी माणूस असावं, एवढं आपल्या हातात आहे.