देशांतराचे माप

दूरदेशी असलेल्या आप्ताला मृत्यूची वार्ता उशिरा कळली तर त्याने सुतक किती पाळावे, या प्रश्नाचा ऊहापोह करताना धर्मशास्त्रकारांना प्रथम देशांतर किती दूर, हे ठरवावे लागले. आणि मिताक्षरेत संकलित झालेली मते पाहिली म्हणजे त्यांत एकवाक्यता नव्हती हे ध्यानात येते. कोणी साठ योजने म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. कोणी मध्ये महानदी वा पर्वत आला आणि वाणी पालटली की देशांतर मानतो. आणि एक मत असे की, जेथली वार्ता दहा रात्रींत ऐकू येत नाही ते देशांतर.

ही मापे यवतमाळ जिल्ह्यात बसून लावून पाहावीत. योजन आठ-नऊ मैलांचे धरले, तर मुंबई साठ योजनांच्या आत राहते, पण तीसवाल्यांच्या हिशेबी केव्हाच सरहद्दीपार जाते. उलट पैनगंगेपलीकडचे आदिलाबाद पांढरकवड्याला कितीही जवळ असो, नदी आडवी आणि बोली तेलुगू, म्हणून ते देशांतर! (पैनगंगा महानदी की नव्हे, यावर शास्त्रीबोवांनी एक रात्र सहज घालविली असती.)

मला या सर्वांत वार्तेचे माप सूक्ष्म वाटते; शोक माणसापर्यंत पोहोचण्यास लागणारा काळ हेच त्याने अंतर मानले. परंतु खबर माणसाच्याच पायांनी चालते, जासूद जितक्या दिवसांत गेला तितक्याच दिवसांत पुत्र परतेल, हे त्यामागचे गृहीत आज उरलेले नाही. यवतमाळात पित्याने प्राण सोडला की न्यूयॉर्कमधील पुत्राला ते घटकेच्या आत कळते. वार्तेच्या मापाने तो शेजारच्या खोलीत आहे. देहाने मात्र त्याला मुंबईपर्यंतच सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे थेट विमानाने पंधरा-सोळा तास काढावयाचे असतात. पुढे नागपूरचे विमान, आणि यवतमाळजवळ भारीला धावपट्टी असली तरी नियमित प्रवासी विमान नसल्याने शेवटचे दीडशे किलोमीटर मोटारीचे. जाणणे तत्क्षणी आणि पोहोचणे दीड दिवसाने, अशा या अवस्थेसाठी कोणत्याही निबंधकाराने कलम लिहून ठेवलेले नाही.

म्हणून घरोघर वाद होतो: प्रेत शीतपेटीत ठेवून थांबावे, की पुतण्याच्या हातून अग्नी द्यावा? थांबणे मी अधर्म म्हणणार नाही. पण ते आवश्यक आहे असेही मला वाटत नाही. सुतकाचा प्रश्न तर सुटलेलाच आहे, कारण दहा दिवसांच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळावेत हा मनूचा दंडक, आणि या पुत्राच्या वाट्याला बहुधा दहाही येतात. कठीण आहे ते दुसरे वचन: पहिल्या दिवशी ज्याने पिंड दिला, मग तो सगोत्र असो वा परगोत्र, त्यानेच दहाव्यापर्यंतची क्रिया पुरी करावी. अस्थिसंचयनाला येऊन पोहोचलेल्या पुत्राने दशाहापर्यंत चुलतभावाच्या शेजारी बसावे आणि अकराव्यापासून पुढचे हाती घ्यावे, ही व्यवस्था अनेकांना निष्ठुर वाटते. मला ती न्याय्य वाटते. जो त्या घडीला तेथे होता, त्याचा हक्क विमानाच्या वेगाने रद्द होत नाही.