तीन उन्हाळ्यांचा हिशेब

शेतकऱ्याला झाडांचे महत्त्व पटवायला जाणारे बहुतेक जण पावसाबद्दल आणि पुढच्या पिढीबद्दल बोलतात. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या मुरमाड माळावर उभ्या माणसाचा हिशेब मात्र जवळचा असतो. पहिले तीन उन्हाळे रोपांना पाणी कुठून घालायचे, आणि फळ हाती येईपर्यंत घर कशावर चालवायचे?

सोलापूर जिल्ह्यात झाडे कमी आहेत ती जागृतीच्या अभावी, हे मला पटत नाही. 1990 मध्ये राज्याने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली. खड्डे, कलमे, खते यांचा खर्च मिळालाच, शिवाय स्वतःच्या रानात राबल्याची मजुरीही मिळू लागली. थांबण्याच्या वर्षांचा भार सरकारने उचलला आणि जिथे बाजरी-मटकीही धड येत नव्हती, तिथे बोरी आणि डाळिंबी उभ्या राहिल्या. त्यासाठी कुणाला पर्यावरणाचे व्याख्यान द्यावे लागले नाही.

जमिनीची निवडही डोळसच होती. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी मोडून कुणी झाड लावणार नाही, आणि लावूही नये. डाळिंबाला हलके रानच मानवते. तिथे पाणी साचत नाही, आणि बहार धरताना ताण द्यायचा तर माती लवकर सुकते. धान्याला नडणारा दोष इथे कामी येतो.

बांधावरच्या झाडाचे गणित याहून अवघड. सावलीत पीक खुरटते, फांदीवर बसलेली पाखरे कणसांवर उतरतात, शेजारी कुरकुरतो. शिवाय 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ आहेत. स्वतःच्या रानातले असले तरी तोडायला परवानगी लागते. मुलीच्या लग्नात किंवा दवाखान्याच्या खर्चाला जे झाड विकता येईल की नाही याची खात्री नाही, त्याचे रोप खुरपणीतच उपटले जाते. कायद्याचा हेतू चांगला आहे, पण त्याची झळ आधी रोपाला लागते.

म्हणूनच तेल्या रोगाने आणि पुढे खोडकिडीने सांगोल्यातल्या डाळिंबाच्या बागा मोडल्या गेल्या, तेव्हा शहरात जी हळहळ झाली ती मला अर्धवट वाटली. मोडता येते म्हणून तर माणूस लावायचे धाडस करतो. खरी चिंता पाण्याची आहे. बाग जगवण्यासाठी एकामागून एक विंधनविहिरी खोदल्या गेल्या, तर वर हिरवळ दिसते आणि जमिनीच्या पोटातले पाणी आटते. प्रत्येक माळाला झाड हवेच असेही नाही. नान्नजचे गवताळ रान माळढोकासाठी राखलेले आहे, तिथे दाट लागवड म्हणजे त्या पक्ष्याला हुसकावणेच.

2019 मध्ये राज्याने 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले. आकडा रोपांचा होता, जगलेल्या झाडांचा नव्हे. त्यापेक्षा 2018 च्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतली रीत मला शहाणपणाची वाटते. अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के, आणि पुढचा हप्ता झाडे जगली तर. पण त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागते. उतारा सामाईक असेल तर इतर खातेदारांची संमतीही. भावकीत वाटणी रखडलेली असली की अर्ज तिथेच अडतो. बटईने कसणाऱ्याचा, किंवा नवरा ऊसतोडीला गेल्यावर रान एकटीने सांभाळणाऱ्या बाईचा प्रश्न तर अर्जापर्यंतही पोचत नाही. हंडाभर पाणी रोपाला घालायचे की नाही, हे रोज ठरवणारी माणसे मात्र तीच असतात.