शिस्तीचे श्रेय आणि कामाचे मोल

बेकार तरुणांचा प्रश्न निघाला की एक उपाय हटकून सुचवला जातो : त्यांना छावणीत न्या, शिस्त लावा. मग दाखला येतो अमेरिकेच्या ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’चा. महामंदीने तिथल्या दर चार कामकऱ्यांतला जवळपास एक बेकार केला होता, तेव्हा, म्हणजे १९३३च्या मार्चअखेरीस, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ही योजना सुरू केली. सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतले १८ ते २५ वयाचे अविवाहित तरुण सहा महिन्यांच्या बोलीवर भरती होत. महिना ३० डॉलर मिळत आणि त्यातले २५ परस्पर घरी जात. १९४२ पर्यंत पंचवीस ते तीस लाख तरुण या छावण्यांतून गेले, सुमारे ३०० कोटी झाडे लागली. या यशाचे श्रेय शिस्तीला दिले जाते. माझ्या मते ते कामाच्या निवडीला द्यायला हवे.

मिशिगन-विस्कॉन्सिनची जंगले लाकूड कंपन्यांनी तोडून उजाड केली होती, दक्षिणेतली कापसाची जमीन धुपून गेली होती. ही जमीन सावरण्यात कोणालाच तातडीचा नफा नव्हता, म्हणून खासगी भांडवल तिकडे वळत नव्हते. तिथे सरकारने मजूर लावले तर कोणा कारखानदाराचे गिऱ्हाईक तुटत नव्हते की कामगाराची नोकरी जात नव्हती. कामगार महासंघाचे विल्यम ग्रीन सुरुवातीला कडाडले : दिवसाला एक डॉलर म्हणजे साऱ्यांचीच मजुरी उतरणार! रूझवेल्ट यांनी कामगार चळवळीतल्याच रॉबर्ट फेक्नर यांना संचालक नेमले आणि जवळपासच्या गावांतले जाणते लाकूडतोडे मुकादम म्हणून घेतले. यातली राजकीय चतुराई उघड आहे, पण ती टिकली, कारण काम खरोखरच कोणाच्या पोटावर पाय देणारे नव्हते.

यावर आक्षेप येईल की लष्कर नसते तर हे जमलेच नसते. जुलै १९३३ पर्यंत पावणेतीन लाखांच्या आसपास तरुण सुमारे १३०० छावण्यांत पोहोचले, ही किमया लष्कराचीच. ते मान्यच. पण लष्कराकडे होती ती वाहतूक, निवारा आणि जेवण. दिवसाचे काम वन आणि उद्यान खात्यांच्या हाताखाली चाले, आणि शस्त्रांचे शिक्षण तर नव्हतेच. रोपवाटिका, वणव्यांवर नजर ठेवणारे मनोरे, रस्ते, बांध यांची कामे मनुष्यबळावाचून अडून पडली होती. उलट जर्मनीत १९३५ पासून सक्तीची झालेली श्रमसेवा पाहा. तिथे तरुण खांद्यावर फावडी घेऊन संचलन करीत. शिस्त हेच उद्दिष्ट झाले की श्रम कुठे नेऊन ठेवता येतात, याचा तो पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कामाची निवड एवढी चोख होती, तर अल्डो लिओपोल्ड यांच्यासारखा निसर्गाचा जाणकार नाराज का झाला? एक टोळी ओढ्यात माशांसाठी आसरे बांधते आणि दुसरी टोळी रस्त्यासाठी काठ कापून त्याच ओढ्याचे पाणी गढूळ करते, असे त्यांनी १९३४ मध्ये दाखवून दिले. झाडे आणि मैल मोजून हिशेब मांडला की असे होणारच. पण याच तरुणांनी विस्कॉन्सिनच्या कून व्हॅलीत वेगळे काही केले. तिथे चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी मृदसंधारणाच्या योजनेत सामील होण्याचे करार केले, अख्खे पाणलोट क्षेत्र एक मानून उताराला आडवे पट्टे पेरले गेले, ओघळी बुजवल्या गेल्या. मजूर तेच, छावणीची शिस्तही तीच. फरक पडला तो कामाच्या आखणीने.

मग खरा डाग कुठे राहतो? ऑस्कर डी प्रीस्ट या त्या वेळच्या काँग्रेसमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्याने कायद्यात वंशभेदाला मज्जाव करणारे कलम घालून घेतले, तरीही कृष्णवर्णीय तरुण बहुतांशी वेगळ्या छावण्यांत राहिले. स्त्रियांना तर भरतीच नव्हती. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी निघालेल्या थोड्या छावण्यांचा लाभ काही हजारांपलीकडे गेला नाही. रोप लावायला रंग किंवा लिंग आडवे येत नाही. आडवी आली ती, कोणत्या घरातल्या कोणत्या मुलाला ‘घडवायचे’ याची कल्पना. म्हणजे योजना कामाकडून घडवणुकीकडे जिथे जिथे सरकली, तिथे तिथे ती तोकडी पडली. महायुद्धाने बेकारी संपवली आणि काँग्रेसने १९४२ मध्ये निधी थांबवला. बेकारी या योजनेने संपवली, असा दावा करता येणार नाही. पण आज तरुणांसाठी अशी योजना मांडणाऱ्याला पहिला प्रश्न गणवेशाचा विचारू नये. कोणते सार्वजनिक काम वर्षानुवर्षे पडून आहे, ते कोण आखणार आणि त्यातून कोणाला वगळणार, हे विचारावे.