बाबांच्या शर्टाचं आसन



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १० आणि ११.

अकराव्या श्लोकात भगवंत ध्यानाला बसायची जागा सांगतात. जागा स्वच्छ हवी, आसन स्थिर हवं, फार उंच नको, फार खाली नको. त्यावर काय अंथरायचं तेही सांगितलंय : कुश, मृगाजिन आणि 'चैल', म्हणजे साधं कापड. शंकराचार्यांनी भाष्यात म्हटलंय की श्लोकातला क्रम उलटा घ्यायचा. खाली कुश, त्यावर मृगाजिन आणि सगळ्यात वर कापड. म्हणजे आपण बसतो ते कापडावरच.

हा श्लोक मी बऱ्याचदा वाचलाय, पण ते कापड कुणाचं असावं हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला मागच्या दिवाळीत, कारंज्याच्या घरी.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. आईने त्यांची कपड्यांची पेटी उघडली आणि दोन ढीग केले. एका ढिगात धड कपडे, दुसऱ्यात विरलेले, कॉलर फाटलेले. धड कपडे दुसऱ्या दिवशी शेतावर कामाला येणाऱ्या एका काकांकडे गेले. मला ते आवडलं नाही. म्हटलं, आई, आठवण म्हणून राहू दे ना. ती म्हणाली, "पेटीतल्या कपड्यानं कोनाची थंडी जाते?"

फाटक्या शर्टांच्या आणि तिच्या एका जुन्या सुती साडीच्या तिने दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या फाडल्या. तीन पट्ट्यांची वेणी घालायची, संपत आली की पुढची पट्टी जोडायची, आणि ती लांबलचक वेणी मधून सुरू करून गोल गोल फिरवत कडेकडेने शिवत जायची. दिसायला सोपं वाटतं. मी शिवायला घेतलं आणि टाके घट्ट बसावेत म्हणून दोरा जोरात ओढत गेलो. वीतभर झाल्यावर ते जमिनीवर टेकेचना, टोपलीसारखं खोलगट झालं. आईने हसत माझे सगळे टाके उसवले. वेणी ओढायची नाही, सैल सोडत सोडत शिवायची, तेव्हा ते सपाट बसतं.

चार संध्याकाळींत आसन तयार झालं. "घे, जपाले बसत जा यावर." मी उभाच. निळ्या चौकड्याची पट्टी ओळखू येत होती. बाबा तो शर्ट घालून मला कॉलेजच्या ॲडमिशनला घेऊन गेले होते. त्यावर बसायचं? आपल्याकडे पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो.

आई म्हणाली, "लहानपनी त्याइच्या मांडीवर बसत होता ना? मंग आता काहून लाजते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न राहिलाच. गेलेल्या माणसाच्या वस्तूचा मान राखायचा म्हणजे ती उचलून ठेवायची, की वापरायची?

दुसऱ्या अध्यायात, बाविसाव्या श्लोकात, देहाला जुन्या वस्त्राची उपमा आहे. आत्मा जीर्ण वस्त्र टाकतो आणि नवं घेतो. जाणाऱ्याचं काय होतं ते तिथे कळतं. पण ज्यांच्या हातात खरोखरचे शर्ट उरतात, त्यांनी काय करायचं?

विनयपिटकात एक गोष्ट आहे. कौशांबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान केली. राजाला राग आला, हा भिक्षू काय कापडाचं दुकान काढणार आहे? त्याने जाऊन विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटेन. मग जुन्या चीवरांचं काय? पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. मग जमिनीवरची अंथरुणं, मग पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि शेवटी तीही कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. राजा इतका खूश झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रं दिली.

या यादीत पायपुसणं अपमान म्हणून येत नाही. अपमान झाला असता तो कापड वाया घालवण्यात. पण यादीची सुरुवात बघा. पहिली पायरी आहे वाटणं. धड कापड आधी ज्याला गरज आहे त्याच्या अंगावर जातं, बाकी सगळं नंतर.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी १९०५ साली घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, हातात गाडगं. म्हणून ते गाडगेबाबा, आणि काही जण त्यांना गोधडे महाराजही म्हणत. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, आळंदी, नाशिकला धर्मशाळा उभ्या राहिल्या. उघड्याला वस्त्र द्या हे ते आयुष्यभर सांगत राहिले आणि स्वतःच्या अंगावर चिंध्याच ठेवल्या. आईचे दोन ढीग याच हिशोबाचे होते. धड ते दुसऱ्याला, फाटकं ते आपल्याला.

आणि म्हणून आज दहावा श्लोकही सोबत घेतलाय. आसनाच्या आधीच्या श्लोकात शब्द आहे 'अपरिग्रह', साठवून न ठेवणं. म्हणजे आधी हात मोकळे करायचे, मग बसायचं. मला वाटायचं की शर्ट पेटीत जपणं ही बाबांवरची भक्ती. आता वाटतं, त्यात बाबा कमी होते आणि 'माझे' जास्त होतं. मी तीही वेणी ओढूनच धरली होती.

आता एक कबुली. त्या दिवशी आईची नजर चुकवून एक धड शर्ट मी बॅगेत टाकला. खिशावर त्यांच्या पेनाचा निळा डाग आहे. तो इथे पुण्यात माझ्या कपाटात आहे, आणि मी रोज बसतो आसनावर. डोळे मिटले की कधीकधी तो शर्टच आठवतो. आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमनकाका साधारण बाबांच्याच अंगाचे आहेत. पुण्यात आता पहाटे चांगलीच थंडी पडते. अजून माझा हात होत नाहीये. या रविवारी विचारेन त्यांना. इथे लिहिलंय म्हणजे आता मागे फिरता येणार नाही.

आजचा अभ्यास : कपाटातली एक वस्तू काढा, जी तुम्ही वापरत नाही, देतही नाही. ती नेमकी कुणासाठी ठेवलीय, हे स्वतःला विचारा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.