बेहड्याची चकती

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीच्या जागरणाला पत्ते निघतातच. आता पोरं तीन पत्ती सोडून पोकर खेळतात, पैशांऐवजी राजमा लावून. वाटायची पाळी कुणाची हे दाखवणारी डीलरची चकती मी रेझिनची करतो. दोन भाग रेझिन, एक भाग हार्डनर. सावकाश ढवळायचं, साच्यात ओतायचं, बुडबुड्यांवर लायटर फिरवायचा आणि २४ तास हात लावायचा नाही. भाद्रपदातल्या दमट हवेत तरीही वरचा थर चिकट राहतोच.

यंदा आत बाप्पाच्या पायावरच्या दूर्वा घालणार होतो. आई म्हणाली, "निर्माल्य जुगारात फिरवणार?"

"देवासमोर पत्ते चालतात ना?"

ती काही बोलली नाही. दूर्वा मात्र उचलून नेल्या.

मग वाळल्या बेहड्याचा तुकडा घातला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ३४व्या सूक्तात जुगारी रडतो, त्याचे फासे बेहड्याचेच. गीतेच्या दहाव्या अध्यायात कृष्ण आपल्या विभूतींत द्यूतही मोजतो. महाभारताच्या वनपर्वात तोच म्हणतो, मी असतो तर हस्तिनापुरातला तो द्यूताचा खेळ थांबवला असता. यातला कुठला कृष्ण मानायचा? मला वाटतं, पाप पैजेत कमी, पाळी न बदलण्यात जास्त. हस्तिनापुरात फासे टाकताना दिसतो तो शकुनीच. आमच्याकडे पानं नशिबाची, चकती मात्र दर डावाला डावीकडे सरकते, कुणी जिंको वा हरो.

काल आईने ती उजेडात धरून पाहिली. "बेहडा ना हा? खोकल्याला ठेवायचास."