दोषाची बातमी वर कशी जाते

सॉफ्टवेअर कंपन्यांत ‘कम्युनिकेशन’ म्हणून जे शिकवले जाते, त्यात इंग्रजी उच्चार, ईमेलमधली अदब आणि क्लायंटपुढे प्रेझेंटेशन देण्याची सफाई यांचाच भरणा असतो. नीतिमत्तेचा पाठ वर्षातून एकदा सक्तीच्या ऑनलाइन प्रशिक्षणात उरकला जातो. बढतीचा विषय अप्रेझलच्या हंगामात निघतो. तिन्हींची खाती वेगळी, माणसे वेगळी. प्रत्यक्ष कामात मात्र ही तिन्ही एकाच प्रसंगात गुंतलेली असतात. आपण सांभाळत असलेल्या प्रणालीत दोष आहे हे अभियंत्याच्या ध्यानात येते आणि तो कुणाला, कोणत्या शब्दांत सांगायचा हे ठरवावे लागते, तो हा प्रसंग. प्रणालीच्या आत पाहू शकणारी माणसे थोडी असतात. बाकीच्यांना फक्त पडदा दिसतो. आतल्याने काय लिहिले आणि काय लिहायचे टाळले, यावर बाहेरच्याचे बरेवाईट ठरू शकते.

याचे एक जुने उदाहरण कॅनडातील ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राचे. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाली आणि त्यांपैकी किमान तिघांचा मृत्यू त्या मात्रेशी जोडला जातो. आधीच्या मॉडेलमध्ये असलेले यांत्रिक अटकाव नव्या यंत्रातून काढून टाकले होते आणि सुरक्षिततेची भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. टेक्सासमधील टायलर येथे मात्रा बेसुमार वाढली तेव्हा पडद्यावर उमटले ते एवढेच : ‘मालफंक्शन ५४’. रुग्णालयाकडे असलेल्या पुस्तिकेत या आकड्याचा उलगडा नव्हता. असे संदेश रोजच येत, म्हणून चालवणाऱ्या व्यक्तीने सवयीने पुढे जाण्याची कळ दाबली. पडद्यावरचा हा संदेशही अभियंत्यानेच लिहिलेला असतो, हे संवादकौशल्याच्या वर्गात कधी सांगितले जात नाही. त्या रुग्णालयाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या सांगण्यानुसार, अशा आणखी घटना घडल्या आहेत का असे विचारल्यावर उत्पादकाकडून नकार मिळाला होता. जॉर्जिया आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या व ऑन्टारिओ प्रांतातल्या रुग्णांच्या तक्रारी मात्र त्याआधीच्या होत्या. शेवटी त्या भौतिकशास्त्रज्ञाने आणि यंत्र चालवणारीने मिळून बिघाड पुन्हा घडवून दाखवला, तेव्हा कुठे उत्पादकाला तो मान्य करावा लागला.

प्रत्येक तक्रारदाराला एकटे पाडण्याची हीच रीत ब्रिटनमध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसली. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून शाखांच्या हिशेबासाठी ‘होरायझन’ ही प्रणाली आणली. ती पुरवणारी कंपनी फुजित्सूच्या मालकीची होती. शाखा चालवणारे उपडाकपाल हे बहुतेक करून स्वतःचे दुकान सांभाळून टपालाचे काम करणारे कंत्राटदार. हिशेबात तूट आली तर ती त्यांनी भरून द्यायची, अशी पोस्टाची भूमिका. होरायझनमधील दोषांमुळे मुळात नसलेली तूट पडद्यावर दिसू लागली. हेल्पलाइनला फोन केला की अनेकांना उत्तर मिळे, अशी अडचण दुसऱ्या कुणाचीच नाही. घरदार गहाण टाकून कित्येकांनी पैसे भरले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक चोरी, अफरातफर वा खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. त्यातले सुमारे ७०० खटले खुद्द पोस्ट ऑफिसने चालवले होते.

इथे कायद्यानेही हातभार लावला. संगणकाचा पुरावा वापरायचा तर तो संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागेल, अशी तरतूद इंग्लंडच्या १९८४ च्या एका कायद्यात होती. १९९९ च्या कायद्याने ती रद्द केली. त्यानंतर संगणक बरोबर आहे हे गृहीत धरायचे आणि तो चुकला असे म्हणणाऱ्याने निदान तशी शंका घेण्याजोगे काही पुढे ठेवायचे, अशी स्थिती आली. गावातल्या दुकानदाराने हे कशाच्या बळावर करायचे? दोषांची नोंदवही तर फुजित्सूकडे होती. तिला नावच ‘ज्ञात दोषांची नोंद’ असे होते.

ही नोंदवही असूनही सत्य बाहेर का आले नाही, याचे उत्तर २०१० च्या एका टिपणात मिळते. जमा आणि खर्च यांचा मेळ न बसण्याचा एक दोष तेव्हा सुमारे ६० शाखांत आढळला होता. पोस्ट ऑफिस आणि फुजित्सू यांच्या लोकांच्या बैठकीचे हे टिपण. हा दोष सर्वांना कळला तर शाखांचा होरायझनवरचा विश्वास उडेल, चालू असलेल्या खटल्यांवर परिणाम होईल आणि पुढे तूट आली की शाखांना प्रणालीकडे बोट दाखवायला निमित्त मिळेल, अशा चिंता त्यात नोंदवल्या आहेत. टिपण नीटनेटके आहे. तांत्रिक वर्णन चोख, पर्याय क्रमाने मांडलेले. कंपनीतल्या कोणत्याही मोजपट्टीने ते उत्तम कम्युनिकेशन ठरले असते. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत एका गर्भवती उपडाकपाल महिलेला १५ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. दोष माहीत होता, लिहिलेला होता आणि ज्याला त्याची गरज होती त्याच्यापासून तो दूर ठेवला गेला. लेखनाचा वाचक कोण हे ठरवणे हाच इथे नैतिक निर्णय होता आणि तो बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच दिसत नाही.

शाखेच्या हिशेबात बाहेरून कुणी हात घालू शकत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. फुजित्सूच्या तिसऱ्या स्तरावरील सपोर्टमध्ये काम केलेल्या रिचर्ड रोल यांनी २०१५ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात आणि पुढे २०१९ मध्ये न्यायालयात सांगितले, की असा हात घालता येत होता आणि घातलाही जात होता. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी मूळ होरायझन प्रणाली भरवशाची म्हणण्याच्या जवळपासही नव्हती, असा निकाल दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. उरलेल्या शेकडो शिक्षा पुसायला २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला.

फोक्सवॅगनचे प्रकरण याहून सरळ. तिथे चूक झाली नव्हती, मुद्दाम केली होती. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करणारे सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होते. सप्टेंबर २०१५ मध्ये ते उघडकीस आल्यावर कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखांनी तिथल्या संसदीय समितीपुढे दोष दोनचार सॉफ्टवेअर अभियंत्यांवर ढकलला. जेम्स लियांग या अभियंत्याला २०१७ मध्ये ४० महिन्यांची कैद आणि २ लाख डॉलरचा दंड झाला. तो १९८३ पासून कंपनीत होता. आदेश वरून खाली येतात तेव्हा बहुधा तोंडी असतात. जबाबदारी मात्र खाली येते ती नावानिशी.

पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या सेवा कंपन्यांतल्या अभियंत्याला फुजित्सूची जागा ओळखीची वाटावी. प्रणालीचा मालक दुसरा, वापरणारा तिसराच आणि मधे कंत्राट, एसएलए, विलंबाचा दंड. तिकीट किती तासांत बंद झाले यावर टीमचे मोजमाप होत असेल, तर ‘यूजर एरर’ किंवा ‘पुन्हा घडवता आले नाही’ असा शेरा मारून ते बंद करण्याकडे कल जाणारच. यात कुणी खोटे बोलत नाही. घडवता आले नसेलही. पण वेगवेगळ्या शहरांतल्या चाळीस जणांची एकच तक्रार चाळीस वेळा वेगवेगळी बंद होते आणि अशा तक्रारी चाळीस आहेत हे मोजण्याचे काम कुणाच्याही अप्रेझलमध्ये लिहिलेले नसते. टीम लीड ‘थोडी अडचण आहे’ म्हणतो, प्रोजेक्ट मॅनेजर ‘नियंत्रणात आहे’ म्हणतो, डिलिव्हरी हेडच्या स्लाइडवर हिरवा ठिपका येतो. प्रत्येक पायरीवर शब्द जरासा गुळगुळीत होतो आणि तो गुळगुळीत करणाऱ्याला समंजस, परिपक्व, क्लायंटसमोर नेण्याजोगा असे गुण मिळतात. बढतीची शिडी अशा रीतीने वाईट बातमी गाळण्याची चाळणी बनते.

स्पष्ट बोलले की सगळे सुरळीत होते, असेही नाही. अमेरिकी अवकाशयानांची रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले अभियंते रॉजर बोइजोली यांनी ३१ जुलै १९८५ रोजी आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांमुळे जीवितहानी होऊ शकते, असे स्वच्छ म्हटले होते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्रीच्या चर्चेत अभियंत्यांनी थंडीत उड्डाण नको असे सांगितले. त्या रात्री सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याऐवजी सुरक्षित नाही हे सिद्ध करा अशी मागणी आपल्याकडे झाली, अशी साक्ष त्यांनी पुढे दिली. टायलरच्या भौतिकशास्त्रज्ञाकडे आणि ब्रिटनच्या उपडाकपालांकडे हेच तर मागितले गेले होते. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सातही अंतराळवीर गेले. साक्ष दिल्यावर कंपनीत बोइजोली एकटे पडले आणि अखेर बाहेर पडले. नीतीने वागणाऱ्याचे करिअर आपोआप फुलते, असे सांगणाऱ्या व्याख्यात्यांनी ही हकीकत सोयीस्करपणे विसरलेली असते.

तरीही लिहिण्याच्या पद्धतीला अर्थ उरतो. प्रत्येक गोष्टीला लाल शेरा देणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. ज्याचा लाल शेरा क्वचित येतो, त्याचा येतो तेव्हा बैठक थांबते. दोषाच्या चांगल्या नोंदीत निरीक्षण आणि अंदाज वेगळे ठेवलेले असतात. किती ठिकाणी दिसला, किती ठिकाणी तपासलेच नाही, हे दोन्ही लिहिलेले असते. ‘डेटामध्ये विसंगती’ असे न म्हणता ‘ग्राहकाच्या खात्यात नसलेले कर्ज दिसते’ असे म्हटलेले असते, कारण नुकसान कुणाचे होणार हे वाक्यात आले की ते वाक्य वर जाताना गुळगुळीत करणे अवघड जाते. तोंडी आदेश मिळाला तर ‘आपल्या बोलण्यानुसार’ असे म्हणून तो त्याच दिवशी ईमेलने पक्का करणे ही सरकारी कचेरीतल्या जुन्या कारकुनाची युक्ती आहे आणि ती आजही तितकीच उपयोगी पडते. कुणाला दोषी न ठरवता बिघाडाची कारणे लिहून सर्वांसाठी खुली ठेवण्याची पद्धत काही मोठ्या कंपन्यांत रुळली आहे. ज्येष्ठ अभियंत्याची निवड करताना त्याने लिहिलेले असे अहवाल वाचले जाऊ लागले, तर शिडीचीच दिशा बदलेल. पदनामे वाढवण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आहे.

व्यवसायाचे नियम कागदावर आहेत. एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणक व्यावसायिकांच्या संस्थांनी मिळून स्वीकारलेल्या आचारसंहितेत लोकहिताला पहिले स्थान आहे. पण वकील किंवा डॉक्टर यांच्यासारखी सनद भारतातल्या सॉफ्टवेअर अभियंत्याला लागत नाही, त्यामुळे ती काढून घेण्याचाही प्रश्न येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना गैरप्रकार कळवण्याची यंत्रणा ठेवणे बंधनकारक केले. ती वापरणाऱ्याला कितपत संरक्षण मिळते, हे शेवटी त्या त्या कंपनीच्या संचालकांवर अवलंबून असते.

ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये संगणक बरोबर असल्याच्या गृहीतकाबद्दल मते मागवली. ते गृहीतक सैल झाले तर प्रणाली विश्वासार्ह होती हे फिर्यादीला दाखवावे लागेल आणि आरोपीचा वकील प्रथम मागेल ती ज्ञात दोषांची नोंदवही, प्रत्येक नोंद कुणी केली आणि कुणी बंद केली याच्या तपशिलासह.